लायब्ररी मागवावी कशी, सांभाळावी कशी

मृग लागण्याच्या सुमारास चाळीसगावच्या बाजारात बियाण्याच्या दुकानासमोर घटकाभर उभे राहिलात, तर एक सल्ला हमखास कानावर पडेल. कपाशीची पिशवी घेऊन निघालेल्या तरुण शेतकऱ्याला कोणी जाणता माणूस बजावत असतो, "भाऊ, पावती जपून ठेव, पिशवीवरचं लेबल फाडू नको, आणि मूठभर बी पिशवीत तसंच राहू दे." उगवण फसली तर वाण कोणते, लॉट नंबर कोणता, हे सांगता आले पाहिजे. नुसते 'कपाशी लावली होती' म्हटल्याने तक्रारही नोंदवता येत नाही आणि पुढल्या वर्षासाठी शहाणपणही हाती लागत नाही.

आज मला बोलायचे आहे ते संगणकाच्या एका कामाविषयी. पण ही लेबलाची गोष्ट मनात असू द्या, कारण तिच्यावाचून माझी फजिती कशी झाली हेच मी सांगणार आहे.

मी मराठी शिकवणारा माणूस. यंत्राशी माझा संबंध प्रश्नपत्रिका टाइप करण्यापुरता. आमच्या विद्यार्थ्यांनी आसपासच्या खेड्यांत जाऊन वयस्क मंडळींच्या मुलाखती घेतल्या: शेतीच्या, लग्नकार्याच्या, जुन्या बाजारांच्या. बोलणे काही अहिराणीत, काही मराठीत. मुलांनी ते सारे संगणकावर उतरवून घेतले. त्यात कोणता शब्द किती वेळा येतो हे आम्हाला मोजायचे होते. वहीत रेघोट्या ओढून मोजायला बसलो असतो तर वर्ष गेले असते, म्हणून संगणकाला कामाला लावले. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या संगणकाने एक हिशेब दिला. तोच मजकूर आमच्या एका विद्यार्थिनीने घरच्या संगणकावर मोजला, तर हिशेब वेगळाच! मजकूर तोच, मोजण्याची रीत तीच. आणि कॉलेजच्या यादीत तर लग्नाच्या जेवणावळीचे वर्णन वाचताना असे दिसेना का, की वांग्याची भाजी 'आचार्यांनी' रांधली आणि तेलही 'आचार्यांनी'च जास्त ओतले. म्हातारबुवा बोलले होते ते आचारी म्हणजे स्वयंपाकी, त्याच्याविषयी, 'आचाऱ्यांनी' असे. आमच्या यंत्राने सगळ्या स्वयंपाक्यांना गुरुपदी बसवले होते.

हे झाले कसे, ते कळायला आधी 'लायब्ररी' म्हणजे काय ते पाहू.

संगणकाला काम सांगायचे तर त्याच्या भाषेत सूचना लिहाव्या लागतात. पायथन ही अशीच एक भाषा. गुइडो व्हान रोसम या डच गृहस्थांनी ती १९९१ साली लोकांपुढे ठेवली आणि आज ती शाळा-महाविद्यालयांतूनही शिकवली जाते. आता प्रत्येक काम प्रत्येकाने पहिल्यापासून लिहायचे म्हटले तर कसे व्हावे? वाक्याचे शब्द कसे तोडायचे, आकड्यांचे कोष्टक कसे मांडायचे, ही कामे कोणीतरी आधीच नीट करून ठेवलेली असतात. अशा तयार सूचनांच्या संचाला लायब्ररी म्हणतात. गावच्या वाचनालयाशी तिचे साम्य इतकेच, की दुसऱ्याने लिहिलेले आपल्याला वापरायला मिळते. आपल्या भाषांसाठीही अशा लायब्ऱ्या आहेत. मुंबईच्या आय. आय. टी.त संशोधन केलेले अनूप कुंचुकुट्टन यांची 'इंडिक एनएलपी लायब्ररी' मराठीसह अनेक भारतीय भाषांतला मजकूर स्वच्छ करणे, त्याचे शब्द आणि वाक्ये वेगळी करणे, एका लिपीतून दुसऱ्या लिपीत नेणे ही कामे करते. पुण्याच्या 'एल३क्यूब' या गटाने २०२२ साली खास मराठीसाठी 'महाएनएलपी' काढली. दोन्ही कोणालाही फुकट मिळतात.

मिळतात, पण कुठून? त्यासाठी एक मोठे कोठार आहे. पायथनच्या लायब्ऱ्या जिथे ठेवलेल्या असतात त्या सार्वजनिक कोठारात आज पाच लाखांहून अधिक संच आहेत. कोठारातला प्रत्येक संच बांधून, वर नाव आणि आकडा घालून ठेवलेला असतो, म्हणून त्याला पॅकेज म्हणतात. आपल्या जंक्शनवर पार्सल ऑफिसात पेट्या असतात ना, तसेच. ही पेटी मागवणारा, उघडणारा, जागेवर लावणारा आणि नको झाली की काढून टाकणारा जो कारभारी, तो म्हणजे पॅकेज मॅनेजर. पायथनमधल्या कारभाऱ्याचे नाव 'पिप'. इयन बिकिंग यांनी तो २००८ साली केला.

या कारभाऱ्याशी बोलायचे ते चित्रांवर बोट ठेवून नव्हे, तर काळ्या चौकटीत आज्ञा लिहून. नवख्याला ही चौकट पाहून धडकी भरते. मलाही भरली होती. पण विचार करा, दुकानात बोटाने दाखवून 'ते द्या' म्हणण्यापेक्षा चिठ्ठी लिहून देणे किती सोयीचे! चिठ्ठी जपून ठेवता येते, शेजाऱ्याला देता येते, पुढल्या वर्षी तीच पुन्हा वापरता येते. आज्ञांचेही तसेच आहे. या पुस्तिकेत त्या देवनागरीत छापल्या आहेत. संगणकावर मात्र त्या रोमन अक्षरांत, बारीक लिपीतच टंकायच्या.

पहिली आज्ञा अशी: 'पिप इन्स्टॉल', आणि पुढे लायब्ररीचे नाव. एंटर दाबले की कारभारी कोठारात जातो, पेटी आणतो. पण एकच पेटी येते असे समजू नका. आपल्याकडे लग्नात एका पाहुण्याला बोलावले की तो म्हणतो, मामांना सांगितल्याशिवाय मी कसा येऊ? मामा म्हणतात, आत्याबाई हव्यात. इंडिक एनएलपी लायब्ररीची ०.९२ ही आवृत्ती मागवा, ती पाच जणींना सोबत घेऊन येते. शब्दांचे घटक पाडणारी, फिनलंडमध्ये तयार झालेली मॉर्फेसर. कोष्टके मांडणारी पांडाज. आकडेमोड करणारी नमपाय. आणि माहितीपत्रके तयार करणाऱ्या स्फिंक्स या साधनाच्या दोन मदतनीस. पांडाज पुन्हा तारखांचा हिशेब ठेवणाऱ्या 'डेटयुटिल'ला बोलावते, आणि डेटयुटिलला लागते 'सिक्स' नावाची एक छोटीशी लायब्ररी. तिचे काम पायथनच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीत सलोखा राखण्याचे; दोन गुणिले तीन सहा, म्हणून नाव सिक्स! असो. सांगायचे ते हे, की तुम्ही एक नाव लिहिता आणि घरात डझनभर पाहुणे येतात. या पाहुण्यांना अवलंबित पॅकेजे म्हणतात. कोण कोणाच्या भरवशावर आहे हे 'पिप शो' आणि पुढे नाव लिहिले की दिसते.

पाहुणे आले म्हणून बिघडत नाही; बिघडते ते दोन पाहुण्यांचे पटत नाही तेव्हा. प्रत्येक लायब्ररीला आवृत्तीचा आकडा असतो, बहुधा तीन भागांचा. शेवटचा भाग वाढला तर किरकोळ दुरुस्ती समजावी, मधला वाढला तर काही नवी सोय आली समजावी, आणि पहिला वाढला तर सावध व्हावे, कारण जुन्या रिती मोडल्या असण्याचा संभव असतो. नमपायची १.० आवृत्ती २००६ सालची. पहिला आकडा एकाचा दोन व्हायला २०२४ चा जून उजाडला, आणि त्या वेळी तिच्या भरवशावर असलेल्या कितीतरी लायब्ऱ्यांना आपले घर नव्याने लावावे लागले. हा रिवाज सगळेच पाळतात असेही नाही, म्हणून नुसत्या आकड्यावर विसंबू नये.

आता माझ्या फजितीकडे येतो. प्रयोगशाळेच्या संगणकावर शब्दमोजणीचे सारे सुरळीत बसवले होते. मधल्या काळात दुसऱ्याच एका कामासाठी मी आणखी एक लायब्ररी मागवली. तिच्या सोबतच्या पाहुण्यांत शब्द तोडणारी एक लायब्ररी होती, जी आमच्याकडे आधीच होती. पण नवीन पाहुणीला तिची वेगळी आवृत्ती हवी होती. कारभाऱ्याने निमूटपणे जुनी काढली, दुसरी बसवली, आणि शेवटी लाल अक्षरांत दोन ओळी लिहून मला सांगितलेही, की अमक्या पॅकेजला तमकी आवृत्ती लागते, पण तुमच्याकडे आता वेगळी आहे, हे जुळत नाही. मी काय केले? इंग्रजीतल्या लाल ओळी पाहिल्या, खाली काम झाल्याचे दिसले, आणि खिडकी बंद केली. चूक त्या लायब्ररीची नव्हती. दोन्ही आवृत्त्या आपापल्या जागी ठीक होत्या. चूक न वाचणाऱ्याची.

तेवढ्यावरून स्वयंपाक्याचा गुरुजी कसा झाला? शिक्षकमंडळींनी हे जरूर लक्षात घ्यावे, कारण मराठीचा हा खास प्रश्न आहे. 'आचाऱ्यांनी' यातला ऱ्या संगणकावर दोन प्रकारांनी लिहिता येतो. एक प्रकार असा, की मराठीसाठी ठेवलेले ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग या. दुसरा असा, की साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह, आणि मग या. कागदावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. संगणकाच्या पोटात मात्र ते वेगळे शब्द असतात. आमच्या मुलांनी, ज्याच्या त्याच्या कळफलकाप्रमाणे, दोन्ही प्रकार वापरले होते. काही लायब्ऱ्या मजकूर स्वच्छ करताना ते अदृश्य चिन्ह कचरा समजून झाडून टाकतात. चिन्ह गेले की र वर चढून रफार होतो. आचाऱ्यांनी चे आचार्यांनी होते, डोंगरातल्या दऱ्या चा दर्या म्हणजे समुद्र होतो! कॉलेजच्या यंत्रावर नकळत आलेली आवृत्ती हे चिन्ह झाडणारी होती. विद्यार्थिनीच्या घरची आवृत्ती ते राखणारी होती. पण तिने एकाच शब्दाचे दोन वेगळे शब्द मोजले. म्हणजे आम्ही दोघेही चुकलोच होतो, फक्त वेगवेगळ्या वाटांनी.

हे सापडले कसे? त्या मुलीच्याच डोक्यातून उपाय निघाला. 'पिप फ्रीझ' अशी एक आज्ञा आहे. ती दिली की घरात जे जे पाहुणे आहेत त्यांची नावे आणि आवृत्तीचे नेमके आकडे, एकेका ओळीवर एक, अशी यादी मिळते. आम्ही दोन्ही संगणकांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि बोट फिरवत गेलो. एका ओळीवर बोट थांबले. पंधरा दिवसांचे कोडे दहा मिनिटांत सुटले.

तेव्हापासून आमच्याकडे दोन नेम झाले आहेत. पहिला म्हणजे प्रत्येक कामाला वेगळी चूल. पायथनमध्ये 'व्हीएन्व्ह' नावाची सोय आहे. 'पायथन -एम व्हीएन्व्ह' आणि पुढे एक नाव दिले, की त्या नावाची एक स्वतंत्र खोली तयार होते. खोलीत शिरण्याची आज्ञा देऊन मग पिप चालवले, की आलेले पाहुणे त्या खोलीपुरतेच राहतात. शेजारच्या खोलीतल्यांशी त्यांचा संबंध येत नाही. शब्दमोजणीची खोली निराळी, निकालपत्रकांची निराळी. नको झाली तर अख्खी खोली पुसून टाकावी. हे फार बरे, कारण 'पिप अनइन्स्टॉल' ही काढून टाकण्याची आज्ञा नाव घेतलेल्या एकट्या पाहुण्याला घालवते, त्याच्याबरोबर आलेले तसेच ओसरीवर बसून राहतात. ज्या शाळांतून डेबियन किंवा उबुंटू वापरतात, तिथे २०२३ पासूनच्या आवृत्त्या तर खोलीबाहेर पिप चालवू देत नाहीत. मुले तक्रार करतात, 'सर, हे आडवं येतंय'. येऊ द्या. ते तुमच्याच भल्यासाठी आडवे आले आहे.

दुसरा नेम यादीचा. पिप फ्रीझने दिलेली यादी 'रिक्वायरमेंट्स' या नावाने, साध्या मजकुराची फाइल म्हणून कामाच्या फोल्डरमध्येच ठेवायची. यादीत प्रत्येक नावापुढे बरोबरची दोन चिन्हे आणि आकडा असतो. दोन बरोबर म्हणजे हीच आवृत्ती, दुसरी नको. नव्या संगणकावर 'पिप इन्स्टॉल -आर' आणि पुढे त्या फाइलचे नाव दिले, की तीच मंडळी, त्याच आकड्यांची, हजर होतात. मग 'पिप चेक' म्हणावे. सगळ्यांचे एकमेकांशी पटते आहे की नाही ते कळते. विद्यार्थ्याचा प्रकल्प तपासताना मी आता निष्कर्ष पाहण्याआधी ही यादी मागतो. बियाण्याचे लेबल नसेल तर पिकाविषयी बोलायचे काय?

काही जण म्हणतील, आकडा असा खिळवून ठेवला तर नव्या दुरुस्त्या मिळणार कशा? प्रश्न रास्त आहे. लायब्ऱ्यांत दोष सापडतात, त्यातले काही चोरांना वाट देणारे असतात, आणि ते बुजवलेली नवी आवृत्ती घेतलीच पाहिजे. पण ती वेगळ्या खोलीत घ्यावी, ज्याचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे असा लहानसा मजकूर तिच्यातून काढून पाहावा, आणि मगच नवी यादी लिहावी. आमचा मजकूर चार ओळींचा आहे: आचारी, आचार्य, दऱ्या आणि दर्या. हे चारही जागच्या जागी राहिले तर पुढे जायचे.

आता थोडे विश्वासाविषयी. कोठार सार्वजनिक आहे. तिथे माल ठेवायला कोणालाही मुभा आहे. २०१७ साली स्लोव्हाकियाच्या राष्ट्रीय सुरक्षा यंत्रणेला पायथनच्या या कोठारात नामांकित लायब्ऱ्यांशी मिळतीजुळती नावे धारण केलेली दहा नकली पॅकेजे सापडली होती. एखादे अक्षर चुकले की नकली पेटी घरात. तेव्हा नाव अक्षर न् अक्षर तपासून लिहा, आणि शक्यतो लायब्ररीच्या मूळ माहितीपानावरून घ्या. पेटी वाटेत बदलली नाही ना, हे पाहण्यासाठी यादीत प्रत्येक नावापुढे 'हॅश' म्हणून एक लांबलचक खूण लिहिण्याचीही सोय आहे. पेटीतला एक ठिपका जरी बदलला तरी खूण जुळत नाही आणि कारभारी पेटी आत घेत नाही.

पण खूण जुळली म्हणजे आतला माल चांगलाच असे नव्हे. २०१६ च्या मार्चमध्ये जावास्क्रिप्ट या भाषेच्या कोठारातून एका लेखकाने रागावून आपली पॅकेजे काढून घेतली. त्यांतले एक होते अवघ्या ११ ओळींचे, शब्दाच्या डाव्या बाजूला रिकाम्या जागा भरणारे. त्या ११ ओळींवाचून जगभर हजारो कामे अडली! २०२४ सालची गोष्ट याहून गंभीर. 'एक्सझेड' हे मजकूर दाबून लहान करणारे साधन. एकच स्वयंसेवक ते वर्षानुवर्षे सांभाळत होता, थकलाही होता. मदतीला आलेल्या एका अनोळखी माणसाने दोनेक वर्षे नीट काम करून विश्वास मिळवला आणि मग आत चोरदरवाजा बसवला. आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकात शिरताना अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे दिसले, त्याने माग काढला, म्हणून अनर्थ टळला.

या हकिकतीवरून मला आपल्या पाटणची आठवण होते. चाळीसगावच्या नैऋत्येला सुमारे १८ किलोमीटरवर पाटणादेवीला आपण जातो. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याची नोंद आहे. (हे ज्योतिषी चांगदेव, मुक्ताबाईंच्या कथेतले योगी चांगदेव वेगळे.) इ. स. १२०७ साली निकुंभ राजाने मठाला देणगी दिली, आणि लेखाच्या शेवटच्या, जुन्या मराठीत कोरलेल्या भागात पाटणच्या बाजारातल्या उत्पन्नातून मठाला काय काय मिळावे ते लिहिले आहे. ग्रंथ थोर होता, पण तो शिकवणाऱ्याच्या चुलीचीही सोय लावून ठेवावी लागली. आपण ज्या लायब्ऱ्या फुकट मागवतो त्यांतल्या पुष्कळ अजून एखाद्या एकट्या माणसाच्या रात्रींवर चालतात. पैसे देणे जमले नाही, तरी मराठीत कुठे चुकते हे त्या माणसाला उदाहरणासह नीट कळवणे आपल्याला जमते. आचाऱ्याची अडचण मराठी माणसाने सांगितली नाही, तर ती बाहेरच्या कोणाला सुचणार कशी?

शेवटी खेड्यांतल्या शिक्षकांसाठी एक उपयोगाची गोष्ट. आपल्याकडे इंटरनेट असते, पण ऐन तासाला नसते. वीज आणि रेंज दोघींची एकदम गाठ पडेलच असे नाही. वीस संगणकांवर वीस वेळा तीच पेटी उतरवत बसू नका. तालुक्याच्या गावी किंवा जिथे रेंज चांगली तिथे एकदाच 'पिप डाउनलोड' ही आज्ञा यादीच्या फाइलवर चालवा आणि साऱ्या पेट्या एका फोल्डरमध्ये उतरवून पेनड्राइव्हवर घ्या. शाळेत आल्यावर 'पिप इन्स्टॉल' लिहून त्यापुढे 'नो-इंडेक्स' हा शब्द जोडायचा, म्हणजे कारभारी बाहेरच्या कोठाराकडे जात नाही. आणि 'फाइंड-लिंक्स' या शब्दापुढे आपल्या फोल्डरचा पत्ता द्यायचा, म्हणजे पेट्या तिथून उचलतो. या दोन्ही शब्दांच्या आधी दोन-दोन आडव्या रेघा विसरू नका. एक पथ्य मात्र पाळावे लागते: ज्या संगणकावर पेट्या उतरवल्या तिथला पायथन आणि शाळेतला पायथन एकाच आवृत्तीचा असावा, आणि दोन्हीकडे विंडोज किंवा दोन्हीकडे लिनक्स असावे. नमपायसारख्या लायब्ऱ्यांच्या पेट्या प्रत्येक जोडीसाठी वेगळ्या बांधलेल्या असतात, एकीची दुसरीला चालत नाही. म्हणून पेनड्राइव्हच्या पाकिटावर पायथनचा आकडा, विंडोज की लिनक्स, आणि पेट्या उतरवल्याची तारीख एवढे लिहून ठेवा, आणि यादीचा एक छापील कागद त्याच पाकिटात घडी घालून टाका.